सातबारा एकीचा, घाम दुसरीचा

गुढीपाडवा ते अक्षय तृतीया या दिवसांत आमच्या विदर्भातल्या गावांमध्ये एक व्यवहार गुपचूप होत असतो. त्याचा ना कागद होतो, ना पावती. कुणाच्या तरी ओसरीवर चार माणसं बसतात, चहा होतो, आकडा ठरतो, नोटा मोजल्या जातात आणि पुढच्या हंगामापुरतं एकाचं शेत दुसऱ्याच्या हाती जातं. आमच्याकडे याला मक्ता म्हणतात, कुणी ठेका म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात खंड म्हणतात. रोख पैशांऐवजी पीक वाटून घ्यायचं ठरलं तर बटई, अर्धेली, नाहीतर तिसरा हिस्सा. गावागणिक शब्द बदलतो, व्यवहार मात्र तोच. जमीन एकाची, कसणार दुसरा.

मग शेतकरी कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो, की ज्याच्या पायाला चिखल लागतो तो? प्रश्न भाबडा वाटेल. पण सरकारी अनुदान, विमा, नुकसानभरपाई वाटायची वेळ आली की याच प्रश्नावर घराघरांत भांडणं होतात, नाती तुटतात. आणि या भांडणात दोन्ही बाजूंना बरेचदा बायकाच उभ्या असतात.

मी काही शेतीतज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवीधर, संसार सांभाळून गेली काही वर्षं बचत गटांचं काम करणारी एक गृहिणी. पण गटाची बैठक म्हणजे नुसता हप्ता गोळा करणं नसतं. वही मिटली की खरे प्रश्न निघतात. ‘ताई, शेत मक्त्यानं दिलं तर पीएम किसानचे पैसे बंद होतात का हो?’ हा एक. ‘ताई, मक्त्यानं केलेल्या शेताची मदत आम्हाले का नाही भेटत?’ हा दुसरा. पहिला विचारणारी मालकीण असते, दुसरा विचारणारी कसणारी. एकाच सतरंजीवर दोघी बसलेल्या असतात. त्यांच्यासाठी शोधाशोध करताना जे हाती लागलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते आहे.

मालकिणीची भीती

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मक्त्यानं शेत देणाऱ्या सगळ्याच काही मोठ्या जमीनदारणी नसतात. नवरा गेला, मुलगा पुण्याला कंपनीत, स्वतःच्या गुडघ्यात जीव नाही, अशा कितीतरी जणी आहेत. बैलजोडी विकलेली, मजूर मिळत नाही, मग दोन-चार एकर मक्त्यानं देऊन वर्षाची मीठ-मिरची आणि औषधं त्यातून भागवायची. अशा बाईला कुणीतरी सांगतं, ‘तू कुठं शेती करतेस? तुझे दोन हजार बंद होतील, वरून वसुली लागेल.’ ती बिचारी घाबरते, शेत दिलंय हे लपवते.

मैत्रिणींनो, पंतप्रधान किसान सन्मान निधी ही योजना २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. तिची मुख्य अट आहे लागवडीयोग्य जमीन नावावर असण्याची. स्वतः नांगर धरला पाहिजे, असं तीत नाही. त्यामुळे शेत मक्त्यानं दिलं म्हणून मालकीण अपात्र ठरत नाही. मात्र जमीन अकृषिक केली, तिच्यावर प्लॉट पाडले, तर तो भाग वेगळा. राज्य सरकारची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना २०२३ मध्ये आली, तीही याच यादीवर चालते आणि आणखी ६,००० देते.

अपात्र ठरवणाऱ्या गोष्टी निराळ्याच आहेत. आयकर भरणारे, महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे (शिपाई वगैरे चतुर्थ श्रेणीतले सोडून), नोकरीतले सरकारी अधिकारी-कर्मचारी, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनियर यांना हा निधी नाही. इथे ‘कुटुंब’ म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. तेव्हा पुण्याचा कमावता मुलगा आयकर भरतो म्हणून विधवा आईचे पैसे बंद होत नाहीत. उलट नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन असली तरी लाभ एकालाच.

आणखी एक. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत नावावर झालेली हवी. त्यानंतर विकत घेतलेली चालत नाही, पण मालकाच्या मृत्यूमुळे वारसानं आलेली चालते. इथेच आपल्या बायका अडकतात. नवरा जाऊन चार वर्षं झाली, सातबारा अजून सासऱ्यांच्या नाहीतर दिवंगत नवऱ्याच्या नावावर. वारस नोंद करायची राहून गेलेली, कारण दीर म्हणतात, ‘घाई काय आहे वहिनी?’ घाई आहे! नाव लागलं नाही तर ना सन्मान निधी, ना मदत. आणि शेत मक्त्यानं द्यायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकारही दुसऱ्याच्या हाती.

लाडक्या बहिणींनी एक हिशोबही लक्षात ठेवावा. या दोन्ही शेतकरी योजनांचे मिळून महिन्याला १,००० रुपये जिच्या खात्यात येतात, तिला लाडकी बहीण योजनेतून १,५०० ऐवजी फरकाचे ५०० मिळतात. पैसे कमी आले म्हणून कुणी खाल्ले असं समजू नका.

कसणारीच्या पदरात काय?

आता दुसरी बाजू. जी सकाळी डबा बांधून शेतात जाते, निंदण करते, फवारणीचं पाणी वाहते, कापूस वेचते, पण जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तिला काय मिळतं?

सन्मान निधी मिळत नाही. नियमातच भूमिहीन कसणारा बसत नाही. ठिबक, अवजारं यांच्या अनुदानासाठी अर्ज करायला गेलं की सातबारा आणि आठ-अ मागतात. एप्रिल २०२५ पासून आपल्या राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांकही जमिनीच्या नोंदीशी जोडलेला. हमीभावानं माल विकायचा तरी तेच. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याहून बराच खाली. खरेदी केंद्रावर नोंदणीला सातबारा आणि त्यावर पीकपेरा हवा. मग मक्तेदारानं एकतर मालकाच्या हातापाया पडायचं, नाहीतर व्यापारी देईल त्या भावात माल टाकायचा.

खताचं अनुदान मात्र तिच्यापर्यंत पोचतं, कारण ते कंपनीला जातं आणि खत सगळ्यांनाच त्या भावात मिळतं. बाकी बहुतेक वाटा सातबाऱ्याच्या दारातून जातात.

पीक विम्याची गोष्ट थोडी निराळी. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कुळानं किंवा भाडेपट्ट्यानं शेती करणारेही पात्र आहेत, हे नियमात स्पष्ट लिहिलंय. पण आपल्याकडे त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. ओसरीवर चहा पिऊन ठरलेल्या व्यवहाराचा नोंदणीकृत करार आणायचा कुठून? २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला तेव्हा अर्जांची झुंबड उडाली, त्यात बोगस अर्जांच्याही तक्रारी झाल्या. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आता शेतकऱ्याला खरिपात २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. मक्तेदारीण हप्ता भरायला तयार आहे, पण कागद नाही.

सगळ्यात जीवाला लागणारी गोष्ट पुढेच आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतात साप चावून मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. त्यात खातेदार आणि त्याच्या घरातली आणखी एक व्यक्ती येते. मालकाच्या घरातली, कसणाऱ्याच्या नाही. साप मात्र कसणारीच्याच पायाखाली येतो. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणाऱ्या १ लाखाच्या मदतीचंही तसंच. २००६ च्या शासन निर्णयात जमीन कुटुंबातल्या कुणाच्या नावावर असणं आणि कर्ज बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं असणं अपेक्षित आहे. मक्त्याची जमीन आणि हातउसनं कर्ज असलेल्याची विधवा या चौकटीत कुठे बसवायची?

पाऊस सातबारा पाहून पडला का?

२०२२ च्या जुलैत विदर्भात अतिवृष्टी झाली, आठवत असेल. आमच्या गटातल्या एका जोडप्यानं त्या वर्षी पाच एकर मक्त्यानं घेतलं होतं. एकरी दहा हजार, म्हणजे पन्नास हजार रोख, पेरणीआधीच. बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर, आणि तिचे कानातले सोनाराकडे. पऱ्हाटी हातभर झाली आणि पंधरा दिवस पाण्यात उभी राहिली. सगळं पिवळं पडलं.

पंचनामा झाला. त्या वर्षी राज्य सरकारनं कोरडवाहूला हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर केली होती. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, सत्तावीस हजारांच्या आसपास रक्कम झाली. आली ती मालकिणीच्या खात्यात.

मालकीण कोण? साठी उलटलेली विधवा, तालुक्याच्या गावी बहिणीकडे राहणारी. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू. तिचं म्हणणं, ‘मक्ता म्हणजे मक्ता. पीक चांगलं आलं असतं तर ते मला जास्त देणार होते का? सरकारनं माझ्या नावानं पाठवले, ते माझे.’ आणि ही कसणारी म्हणत होती, ‘मॅडम, पाऊस काय सातबारा पाहून पडला का? पीक तर आमचंच बुडालं न जी!’

खोटं दोघीही बोलत नव्हत्या. आठ दिवस निरोपानिरोपी झाल्यावर मी दोघींना समोरासमोर बसवलं. पुरुष मंडळींना मुद्दाम बोलावलं नाही. पहिला अर्धा तास नुसत्या जुन्या गोष्टी निघाल्या. कोण कुणाच्या मुलीच्या लग्नात आलं नव्हतं तिथपर्यंत. मग मी म्हटलं, मावशी, ही मदत कशाची आहे? जमिनीची की पिकाची? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘पिकाची. पण माझा भाचा म्हणतो, एकदा दिले की हक्क सांगतील.’

शेवटी निम्मे-निम्मे झालं. साडेतेरा हजार कसणारीच्या हाती आले. कृषी केंद्राची अर्धी उधारी फिटली, कानातले मात्र सुटले नाहीत. मी सुचवलं, पुढच्या साली आधीच कागदावर लिहून ठेवा. कसणारी लगेच तयार. मावशींनी मान डोलावली. पण पाडव्याला भाचा आला आणि म्हणाला, ‘कागद करायचा नाही. कागद झाला की कूळ लागलं समजा.’ त्या साली ते शेत दुसऱ्याच कुणाला गेलं.

लिहून का देत नाहीत?

भाच्याचा राग येतो, पण त्याची भीती हवेतली नाही. ‘कसेल त्याची जमीन’ हे आपण शाळेत शिकलो. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यानं पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळं मालक मानली गेली. मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा कायदा, विदर्भाला १९५८ चा. त्या कायद्यांनी लाखो कष्टकऱ्यांना जमिनी दिल्या, हे मोलाचंच झालं. विधवा आणि अज्ञान मालकांसाठी त्यांत काही सवलतीही ठेवल्या होत्या. पण पट्ट्यानं दिलेली जमीन ठरावीक मुदतीत विकत मागण्याचा कुळाचा हक्क कायद्यात राहिला आणि मालकांच्या मनात भीती कायमची बसली. आजोबांची जमीन कुळाकडे गेलेली ज्या घरानं पाहिली, ते घर आज कुणाला ओळभर लिहून देत नाही.

म्हणजे कसणाऱ्याला संरक्षण द्यायला केलेल्या कायद्यामुळेच आजचा कसणारा कागदाविना राहिला. आणि कागद नाही म्हणून विमा नाही, कर्ज नाही, मदत नाही.

केंद्रात हे कुणाला कळलं नाही असं नाही. नीती आयोगानं डॉ. टी. हक यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार झाला. त्याचं सार साधं आहे: मालकाची मालकी शंभर टक्के सुरक्षित, मुदत संपली की जमीन परत, आणि मुदतीपुरता कसणाऱ्याला कर्ज, विमा, आपत्तीची मदत घेण्याचा हक्क. पण शेती आणि जमीन हे राज्यांचे विषय, त्यामुळे अंमल राज्यांनी करायचा.

आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. अकरा महिन्यांचा करार, त्यावर कसणाऱ्याला कार्ड, मालकीला धक्का नाही. तिथेही मालकाची सही लागते आणि मालक सही द्यायला कांकूं करतात, ही अडचण राहिलीच. पण वाट तरी झाली. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून बटईदारांच्या नावांची नोंद करण्याची मोठी मोहीम झाली होती, त्यामुळे तिथल्या कृषक बंधू योजनेत नोंद झालेल्या बटईदारालाही मदत मिळू शकली. उलट तेलंगणानं २०१८ मध्ये रयतु बंधू योजना आणली ती एकरी पैसे थेट जमीनमालकाला देणारी. शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात पैसे आणि कसणारा कोरडा, अशी टीका तिच्यावर सतत झाली.

बायकांसाठी तर दुहेरी कुलूप आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतीच्या खात्यांपैकी बायकांची खाती जेमतेम १४ टक्के होती. शेतावर राबणाऱ्या बायका किती, हे बांधावर उभं राहून कुणीही मोजावं. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्यात शेती करणाऱ्या बाईला, जमीन नावावर असो-नसो, गावपातळीवर शेतकरी असल्याचं प्रमाणपत्र द्यावं अशी सूचना होती. विधेयक तसंच मागे पडलं. पण कल्पना किती साधी! कोण शेती करतं हे गावाला ठाऊक असतं, तर गावानंच ते लिहून द्यावं.

आपल्या हातात काय आहे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपण काय करायचं? आमच्या गटांमध्ये ज्या गोष्टी आम्ही एकमेकींना सांगतो, त्या इथे देते.

मालकीण असाल तर आधी वारस नोंद करून घ्या. तलाठी कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज करता येतो. बँक खातं आधारला जोडलेलं ठेवा, ई-केवायसी पूर्ण करा. शेत मक्त्यानं दिल्याचं लपवू नका, त्यानं तुमचा सन्मान निधी जात नाही.

मक्ता ठरवताना फक्त एकरी भाव ठरवू नका. नैसर्गिक आपत्तीची मदत आली तर ती कुणाची, हे त्याच बैठकीत बोला. विमा कुणाच्या नावानं काढायचा, ई-पीक पाहणी कोण करणार, हमीभावाच्या केंद्रावर माल कसा द्यायचा, हेही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तर विमा कंपनी तो कागद मानणार नाही हे खरं, पण आपापसातलं भांडण टळायला तो उपयोगी पडतो. कसणाऱ्याच्या नावानं विमा हवा असेल तर मात्र नोंदणीकृत करारच लागेल. तो करताना मुदत, जमीन परत करण्याची तारीख, मालकी कुणाची, हे सगळं वकिलाकडून नीट लिहून घ्यावं. दोघींनाही त्यातच सुरक्षितता आहे.

कसणारी असाल तर एकटीनं बँकेत जाण्यापेक्षा चौघी-पाचजणी मिळून जा. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी करारानं कसणारे आणि बटईदारसुद्धा पात्र आहेत, आणि चार ते दहाजणांचा संयुक्त देयता गट करून, एकमेकांच्या जामिनावर, शेतीकर्ज मागता येतं. शाखेत पहिल्या दिवशी ‘सातबारा आणा’ असंच ऐकू येईल. दुसऱ्यांदा जायचं, अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची. केरळमध्ये कुटुंबश्रीच्या बायकांचे गट अशी दुसऱ्याची जमीन घेऊन एकत्र शेती करतात, मग आपल्याला का जमू नये?

आणि ग्रामसभेत तोंड उघडा. पंचनाम्याच्या वेळी शेतात हजर राहा, पीक कुणी पेरलं होतं हे तिथेच सांगा. नियमात नाव लागेल न लागेल, चार माणसांसमोर बोललेलं पुढे उपयोगी पडतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. भाषणं होतील, सत्कार होतील, फेटे बांधून फोटो निघतील. त्या फोटोंतल्या किती जणींचं नाव कुठल्या सरकारी नोंदीत शेतकरी म्हणून आहे, हे विचारायला हरकत नाही. सातबारा ज्याचा त्याचाच राहू दे, कुणाची जमीन कुणाला द्यायची नाही. पण त्याच सातबाऱ्याशेजारी या हंगामात कसणारी कोण, एवढं लिहायला एक ओळ हवी. ती सरकारकडे मागायची आहेच. तोवर आपल्या ओसरीवर, नोटा मोजण्याआधी, ती आपणच लिहून ठेवू या.